तिसऱ्या वळणावरचा कार्बोरेटर

तिसऱ्या वळणावर स्कूटर पुन्हा बसली तेव्हा सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि बारातेराच्या हातात कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाचं झाकण होतं. फोन वाजला. ताईचा. त्याने उचललाच नाही. उचलून ऐकायचं काय, ते त्याला पाठ होतं. झाकण बाकावर आपटलं, हात पुसले, पान्यांची पिशवी मोटरसायकलला अडकवली आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत तो चढाच्या रस्त्याला लागला. बारा दिवसांतली ही सातवी खेप.

बारातेरा हे काही कुणी पाळण्यात ठेवलेलं नाव नव्हे. बारा-तेराचा पाना मागच्या खिशात खोचल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नाही. लग्नाच्या दिवशीही तो पाना खिशात होता आणि फोटोला बसताना तो टोचला म्हणून नवरदेवाचं तोंड वाकडं आलं आहे. लहान इंजिनं हा त्याचा धंदा. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, जनरेटर, स्कूटर. मोठ्या गाड्या तो घेत नाही. इंजिन उचलून मांडीवर घेता आलं पाहिजे, म्हणतो. हात सोन्याचे, यात वाद नाही. पण कान? कान फक्त इंजिनासाठी. माणूस बोलायला लागला की ते आपोआप बंद होतात, आणि पुढची सगळी कटकट तिथूनच सुरू झाली.

वळणावर ताई स्कूटरवर तशीच बसून होती. उतरायचा प्रश्नच नव्हता. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले, कुबड्या स्कूटरच्या बाजूला पट्ट्याने बांधलेल्या. स्कूटरला मागे दोन जादा चाकं. रेस आणि ब्रेक सगळं हातात. भाऊ येताना दिसला तरी ती वर दवाखान्याच्या इमारतीकडेच बघत होती.

"आलास? तुझं इंजिन बसलंय."

"माझं कसं? स्कूटर तुझी आहे."

"स्कूटर माझी. इंजिन तुझं. माझं होतं ते बरं चालत होतं."

"सपाटीवर," बारातेरा म्हणाला आणि प्लग काढायला बसला. प्लग काळा आणि ओला. म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, हवेला जोर कमी. त्याने प्लग पुसला, लावला, ताईला मागे सरकवलं, स्वतः पुढे बसला आणि रेस शेवटपर्यंत पिळली. इंजिन असं गरजलं की रस्त्यावरची माणसं कडेला झाली. दोघांना घेऊन स्कूटर चढ चढून थेट फाटकाशी.

"बघ. गेली की नाही?"

"तू बसलास की जाते."

"मग तू बसलीस की का जात नाही? तू रेस देत नाहीस, ताई. घाबरतेस."

"मला तेवढीच देता येते," ताई म्हणाली.

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण त्याने ते ठेवलं नाही. तो खाली वाकून कार्बोरेटरच्या स्क्रूला अर्धा पीळ देत होता. घड्याळात आठ बेचाळीस. ताईला बारा मिनिटं उशीर झाला होता आणि वरच्या खिडकीतून मोठ्या डॉक्टरीणबाई बघत होत्या.

या डॉक्टरीणबाईंनीच पंधरा दिवसांची मुदत दिली होती. ताई दवाखान्याच्या लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. बावीस वर्षं झाली. गावातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या दातांनी हसतात. रोग्याच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात, आणि मग तासून तासून जिभेला टोचणार नाही इतकं गुळगुळीत करायचं. लॅब खालच्या इमारतीत होती तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग वर टेकडीवर नवी इमारत झाली आणि लॅब वर गेली. बसच्या पायऱ्या ताईला चढता येत नाहीत. जुनी स्कूटर दुसऱ्या वळणावरच मान टाकायची. पाच दिवस उशीर झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं, पंधरा दिवसांत वेळेवर यायचं जमवा, नाही जमलं तर खाली चिठ्ठ्यांच्या खिडकीवर तुमची सोय करू.

सोय. त्या शब्दाने ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बावीस वर्षं दात बसवणाऱ्या बाईने खिडकीत बसून नंबराच्या चिठ्ठ्या फाडायच्या.

"मी रोज सोडतो की तुला," बारातेरा म्हणाला होता.

"दळण आहे का मी, सोडायला आणि आणायला?" ताईने विचारलं होतं, आणि तो विषय तिथेच संपला.

म्हणून इंजिन वाढवायचं ठरलं. त्यात त्याची काहीच चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. सिलिंडर लेथवर मोठा करून घेतला, जाडा पिस्टन टाकला, सगळं नीट बसवलं. ते काम बघायला दुसरे मिस्त्री आले आणि मान डोलावून गेले. आता राहिला कार्बोरेटर. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा एवढासा डबा. जुना सोळाचा होता, म्हणजे त्याचं तोंड सोळा मिलिमीटर. मोठ्या इंजिनावर तो लावून बारातेराने अंगणात पूर्ण रेस दिली, तर इंजिन धापा टाकायला लागलं आणि प्लग पांढरा पडला. पेट्रोल कमी पडतंय. झालं. सोळाचा बाद. तो काढून त्याने घरातल्या खिडकीत ठेवला आणि बायको त्याखाली वर्तमानपत्रं दाबून ठेवू लागली.

मग सुट्या भागांच्या दुकानदाराकडे खेप. हा दुकानदार म्हणजे एक नग. गिऱ्हाईकाने तोंड उघडायच्या आत त्याचं दुखणं ओळखल्याचा आव आणतो.

"इंजिन मोठं केलंस आणि तोंड लहानच ठेवतोस?" तो म्हणाला. "भुकेल्या माणसाला चमच्याने भरवतोयस तू. हा घे चोवीसचा. मोटरसायकलचा आहे. विमान होईल गाडीचं."

बारातेराला हेच ऐकायचं होतं. चोवीसचा बसवला, अंगणात रेस दिली, आणि काय आवाज म्हणता. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलले म्हणे. निदान तो तसं सांगत होता. त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ताई तिसऱ्या वळणावर अडकली.

तिथून पुढे या माणसाने जे केलं ते बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं. आधी त्याने जेट बदलला. जेट म्हणजे पितळेचा बारीक तुकडा, सुईच्या टोकाएवढं भोक असलेला, पेट्रोल त्यातून वर येतं. एक जेट लहान, एक मोठा, एक त्याहून मोठा. मग चोवीसचा काढून बावीसचा. मग बाविसाच्या आतली, पेट्रोल मोजून सोडणारी सुई एक खाच वर, मग एक खाच खाली. मग हवेची जाळी बदलली. मग पेट्रोल पंपावर जाऊन तुम्ही भेसळ करता म्हणून भांडून आला. मग रस्ता बांधणाऱ्यांना शिव्या दिल्या, वळण एवढं तिरकं कोण काढतं म्हणून. आणि प्रत्येक वेळी स्वतः बसून बघितलं, प्रत्येक वेळी गाडी सुसाट वर गेली, आणि प्रत्येक सकाळी ताई बसली की तिसऱ्या वळणावर घुर्र, घुर्र, ठप्प.

तिसरं वळण तसं होतंच वैतागाचं. वळताना वेग कमी करावा लागतो आणि वळण संपतं तिथेच चढ छातीवर येतो. म्हणजे इंजिन दमलेलं असतानाच त्याला उठवायचं.

"अहो, जुना बसवून बघा ना एकदा," बायको एका सकाळी म्हणाली. तिच्या हातात तेव्हा तोच सोळाचा होता, खालचं वर्तमानपत्र काढायला उचललेला.

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर विचारतेय."

"अंगणात बघितलं नाहीस? पूर्ण रेसला श्वास पुरत नाही त्याला."

"पण वन्सं पूर्ण रेस देतात का?"

"द्यायला पाहिजे," बारातेरा म्हणाला. "गाडीला रेस द्यायला पाहिजे, भाजीला मीठ घालायला पाहिजे, यात विचारायचं काय?" बायकोने कार्बोरेटर परत वर्तमानपत्रांवर ठेवला, जरा जोरातच.

तेराव्या दिवशी, शनिवारी, त्याने ताईला पुढे बसूच दिलं नाही. मागे बसवून स्वतः वर सोडलं, वेळेवर. ताईला ते किती झोंबलं ते तिच्या पाठीवरूनही दिसत होतं. फाटकाशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं, मग भावाकडे बघितलं. वेळेवर आली खरी, पण आणून सोडलेली.

संध्याकाळी ताई कुबड्या टेकत घराच्या पुढच्या खोलीत आली. तिथेच बारातेराचं दुकान. तो बाकावर विसाचा कार्बोरेटर खोलून बसला होता. हा आता चौथा.

"राहू दे," ताई म्हणाली. "सोमवारी मी सांगून टाकते. खिडकीवर जाते."

ती चिडून बोलली असती तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. ती चिडलेली नव्हती. त्यामुळेच त्याचा पारा चढला.

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुझा. बारा दिवस मी काय माशा मारतोय का इथे? दुसऱ्यांची कामं पडून आहेत. पंपवाला रोज येऊन तोंड वाकडं करून जातो. आणि तू साधी रेस द्यायला घाबरतेस."

ताई बाकाच्या कडेला टेकून उभी राहिली. तिने त्याच्या हातातला कार्बोरेटर काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"माझ्याकडे रोगी येतो ना," ती म्हणाली, "तो आला की आ करून बसतो. त्याला वाटतं, दात म्हणजे तोंड उघडून दाखवायची गोष्ट. मी म्हणते, तोंड मिटा. जेवताना बसता तसे बसा आणि हे मेण चावा. मग माप घेते. नुसत्या आ केलेल्या तोंडाच्या मापावर कवळी केली तर ती कपाटात शोभून दिसते, तोंडात बसत नाही."

"मग?"

"मग काय मग. गाडी माझ्यासाठी करतोस आणि माप स्वतःचं घेतोस. उद्या सकाळी चढावर चल. आणि जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी घे."

"कशाला?"

"तुझे पाय बांधायला."

विसाचा त्याने रात्रीच बसवून टाकला. रविवारी सकाळी रस्ता मोकळा होता. बारातेरा मोटरसायकलवर, ताई स्कूटरवर. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे ती थांबली आणि कुबड्या काढून कठड्याला टेकली. तिच्या जागी तो स्कूटरवर बसला. त्याच्या पायांना पट्टी तिने स्वतः बांधली, आधी गुडघ्यांच्या वर, मग घोट्यांशी. ती बांधत होती तोवर तो एकसारखा बोलत होता. हा काय पोरखेळ, कुणी बघितलं तर काय म्हणेल, उद्यापासून गिऱ्हाईकं इकडे फिरकणार नाहीत.

"पाय नुसते ठेव," ताई म्हणाली. "जोर द्यायचा नाही. ते तुझे नाहीतच असं समज."

"बरं."

"आणि वळण संपलं की दे तुझी पूर्ण रेस."

वळणापर्यंत सगळं ठीक होतं. वळण संपलं, चढ समोर आला, आणि त्याने सवयीने मनगट पिळलं. गाडी पुढे झेपावली. एरवी अशा वेळी तळपाय फळीवर रोवले जातात आणि अंग जागच्या जागी राहतं, हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. आज रोवायला काही नव्हतं. अंग मागे घसरलं. अंगाबरोबर हात मागे ओढला गेला, आणि हातात रेसची मूठ होती. मूठ आणखी पिळली गेली. गाडी आणखी झेपावली, तो आणखी मागे गेला, आणि कठडा सरळ अंगावर येताना दिसला. ब्रेक कसा दाबला ते त्याचं त्यालाही आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक आणि कठडा यांच्यात वीतभर जागा होती.

ताई मागून कुबड्यांवर सावकाश चढून आली.

"आता पुन्हा जा," ती म्हणाली. "या वेळी मनगट आखडून धर. रेस अर्ध्यावर पक्की. तिथून हलू द्यायची नाही. हातांनीच लटकायचं आणि हातांनीच चालवायचं."

तो मागे गेला आणि पुन्हा आला. अर्ध्या रेसवर विसाच्या रुंद तोंडातून हवा नुसती रमतगमत आत चालली होती. पेट्रोल ओढून नीट मिसळून घ्यायला तिच्यात जोरच नव्हता. घुर्र, घुर्र, ठप्प. ताई ज्या जागी अडकायची त्याच जागी, रस्त्यावर तेलाचा डाग पडला होता तिथेच. त्याच्या दोन्ही खांद्यांत कळ आली होती.

"कधीपासून अशी चालवतेस?"

"पहिल्या गाडीपासून."

पहिली गाडी त्याने बावीस वर्षांपूर्वी केली होती. त्यानंतर आणखी दोन. प्रत्येक गाडी त्याने स्वतः चालवून बघितली होती, अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. आणि प्रत्येक वेळी उतरून ताईला म्हणाला होता, बघ, लोण्यासारखी चालते.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तू म्हणालास, सवय होईल." ताईने कठड्याला पाठ टेकली. "झाली."

बारातेराला आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता. पण या वेळी तो पेट्रोलवाल्यावर काढता येत नव्हता, रस्त्यावर नाही, दुकानदारावर नाही. तो पट्टी सोडायला वाकला, तर गाठ सुटेना, आणि त्याचे डोळे भरून आले. ताईने ते बघितलं आणि मुद्दाम दवाखान्याकडे तोंड केलं.

घरी आल्यावर त्याने खिडकीतला सोळाचा उचलला. वर्तमानपत्रं वाऱ्याने खोलीभर उडाली. बायकोचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याने कार्बोरेटर धुतला, फुंकला, आतला जेट काढून एक नंबर मोठा टाकला, म्हणजे वाढलेल्या इंजिनाला पेट्रोल पुरेल. लहान तोंडातून हवा जोरात जाते. अर्ध्या रेसवरही ती पेट्रोल खेचून आणते. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. शिकाऊ असताना पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट. पण मोठ्याचा मोह आणि अंगणातला आवाज यांनी त्याला पुरतं येड्यात काढलं होतं.

दुपारी तो पुन्हा चढावर गेला आणि या वेळी पाय स्वतःच बांधले. मनगट आखडलं, रेस अर्ध्यावर पक्की. तिसरं वळण आलं. इंजिन जरा जाड आवाजात कण्हलं आणि चढू लागलं. ना गर्जना, ना सुसाट धाव. एक म्हातारा बाजूने चालत होता, तो बराच वेळ स्कूटरच्या बरोबरीने चालला. पण गाडी थांबली नाही. फाटकापर्यंत नाही.

सोमवारी आठ वाजता ताई एकटी निघाली. तू येऊ नकोस, असं तिने बजावलं होतं. म्हणून तो आधीच जाऊन तिसऱ्या वळणावर, कठड्यापलीकडे, पान्यांच्या पिशवीसकट उभा होता. स्कूटर वळणावर आली. ताईचे दंड ताणलेले, मनगट आखडलेलं. त्याला ते आज पहिल्यांदाच दिसलं. इंजिन कण्हलं. गाडी तेलाच्या डागावरून पुढे गेली आणि चढत राहिली. ताईने मान वळवली नाही, पण जाता जाता म्हणाली, "पंपवाला वाट बघतोय तुझी."

आठ सत्तावीसला फोन वाजला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"पोचले," ताई म्हणाली. मागे तासण्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकट्याच आलात वाटतं. ठेवते आता. माणूस तोंड उघडून बसलाय."

संध्याकाळी ती परत आली तेव्हा दुकानाच्या दारात एक फळी, जाड स्पंजचा तुकडा आणि दोन लोखंडी पट्ट्या मांडून ठेवलेल्या होत्या. बारातेराने तिला स्कूटरवरून उतरू दिलं नाही.

"बस. पाठीचं माप घ्यायचंय."

ताई फोटोला बसल्यासारखी ताठ बसली.

"अशी नको," तो म्हणाला. "चढावर बसतेस तशी बस."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग हळूहळू खांदे सैल सोडले, दोन्ही हात मुठींवर ठेवले आणि अंग मागे जाऊ दिलं, हातांवर ताणून धरलेलं. बायकोने टेपचं टोक धरलं. त्याने सीटच्या कडेपासून पाठीपर्यंत मोजलं, खालून खांद्याच्या हाडापर्यंत मोजलं, आणि फळी तिच्या पाठीला लावून धरली.

"पाठीला टेकू मिळाला की वन्संना पूर्ण रेससुद्धा देता येईल," बायको म्हणाली. "मग तो चोवीसचा लावणार का पुन्हा?"

"नाही," बारातेरा आणि ताई एकदमच म्हणाले.

"इथे टेकतंय?" त्याने विचारलं.

"दोन बोटं वर."

त्याने फळी दोन बोटं वर सरकवली आणि पेन्सिलीने खूण केली. ड्रिल हातात घेतलं, टोक खुणेवर ठेवलं, आणि भोक पाडायच्या आधी पुन्हा विचारलं, "नक्की इथे?"

ताईने पाठ टेकून बघितली. जरा वेळ लावला. मग दोन्ही हात मुठींवरून काढून मांडीवर ठेवले.

"हो," ती म्हणाली. "इथे."